चार व्हॉल्व्ह आणि एक ध्वनिफीत

प्रस्तुत स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीविषयी सहकाऱ्यांनी विस्ताराने लिहिले आहे. संपादक मंडळाने आमच्याकडे ऐकण्याचे काम सोपवले होते. कार्यालयाच्या लोखंडी कपाटात जुन्या मेळाव्यांच्या ज्या कॅसेट्स पडून होत्या, त्या ऐकून मजकूर कागदावर उतरवायचा होता. काम सुरू होऊन आठ दिवस होतात न होतात तोच हेडफोनच्या ॲम्प्लिफायरमधला व्हॉल्व्ह बिघडला, आणि त्याच्या जागी कोणता बसवावा या प्रश्नाने आमचे तीन आठवडे घेतले. इतिहासाच्या शिक्षकाने व्हॉल्व्हवर लिहावे हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु पुराव्याची पारख हाच आमचा धंदा आहे, आणि ती या काचेच्या बोटभर नळीपुढे पुरेपूर करावी लागली.

कॅसेट कोणती होती ते आधी सांगितले पाहिजे. १९८९ सालच्या पालक मेळाव्याची ही फीत आहे. त्या दिवशी आलेल्या मातांना व्यासपीठावर बोलावून आपापले नाव ध्वनिक्षेपकावर सांगण्यास विनविले होते. आमच्या त्या काळच्या प्रवेशनोंदवहीत मुलाचे नाव आहे, वडिलांचे आहे, गाव आहे. आईसाठी रकानाच नाही. त्यामुळे या स्त्रियांची नावे शाळेच्या दप्तरात अन्यत्र कोठेही नाहीत, ती केवळ या फितीवर आहेत. एकूण एकतीस जणी बोलतात. कित्येक जणी आधी ‘मी अमक्याची आई’ एवढेच म्हणून थांबतात. मग सूत्रसंचालक गुरुजींचा आवाज येतो, ‘मावशी, मुलाचं झालं, आता तुमचं सांगा.’ त्यानंतर येणारे नाव बहुधा फार हळू असते. सखू की ठकू, यमुना की जमुना, हे त्या क्षणभराच्या उच्चारावरून ठरवायचे. ‘स’सारख्या वर्णाचा आवाज बराचसा वरच्या पट्टीतला असतो, आणि फितीची स्वतःची सरसर नेमकी तिथेच असते. त्यात ॲम्प्लिफायरने आपली तडतड मिसळली की नाव गेलेच म्हणायचे.

हा ॲम्प्लिफायर आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने, जो आज पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करतो, स्वतः बांधून शाळेला दिला. त्यात १२एयू७ जातीचा एक व्हॉल्व्ह आणि पुढे हेडफोन चालविण्यासाठी दोन ट्रान्झिस्टर आहेत. रेडिओच्या जमान्यातल्या वडीलधाऱ्यांना व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. तरुण वाचकांसाठी थोडे लिहितो. काचेच्या नळीतली हवा काढून घेतलेली असते. आत एक तार तापते, तिच्याभोवतीच्या ऑक्साइडचा लेप दिलेल्या निकेलच्या नळकांड्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धनभारित पत्र्याकडे धावतात. दोहोंच्या मधे जी बारीक जाळी असते तिच्यावर क्षीण संदेश दिला की त्या मोठ्या प्रवाहात त्याचीच मोठी आवृत्ती उमटते. ही जाळी १९०६ च्या सुमारास अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी घातली. तिच्याविना असलेली नळी त्याआधी १९०४ मध्ये इंग्लंडात फ्लेमिंग यांनी केली होती. १९४७ साली ट्रान्झिस्टर आला तरी व्हॉल्व्हचे राज्य लगेच संपले नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते.

१२एयू७ च्या एका काचेत असे दोन संच असतात. आमच्या यंत्रात एक डाव्या कानाचा, दुसरा उजव्याचा. तडतड डाव्या कानात येत होती. व्हॉल्व्हला दोषी ठरविण्यापूर्वी आम्ही कॅसेट-यंत्राच्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल केली. तडतड डावीकडेच राहिली, म्हणजे फीत आणि कॅसेट-यंत्र सुटले. मग यंत्र बंद करून, गार होऊ देऊन, व्हॉल्व्हच्या नऊ पिना आणि खालची बैठक स्पिरिटने पुसली. फरक पडला नाही. पुण्याच्या त्या विद्यार्थ्याने फोनवर सांगितले, ‘सर, व्हॉल्व्हचं आयुष्य संपलं. दुसरा लावा, पण मला विचारल्याशिवाय लावू नका.’

त्याच्या या अटीला कारण होते. नऊ पिनांचे व्हॉल्व्ह दिसायला सख्खे भाऊ वाटतात, बैठकीत बसतातही. १२एएक्स७ च्या पिनांची मांडणी हीच, तापविण्याच्या तारेची गरजही हीच. पण त्याची वर्धनक्षमता १०० च्या घरात, १२एटी७ ची सुमारे ६०, आणि आमच्या १२एयू७ ची अवघी १७ ते २०. मोठा आकडा पाहून मोह होतो; परंतु यंत्राची बांधणी ज्या प्रवाहासाठी केलेली असते तो बिघडून आवाज फाटण्याचा संभव असतो. ६डीजे८ चे तर याहून धोक्याचे. तोही नऊ पिनांचा, पण त्याच्या तारेला ६.३ व्होल्ट लागतात; आमच्या बैठकीत ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनांवर १२.६ व्होल्ट येतात. तो इथे बसविला तर तार जळेल. तेव्हा बदली व्हॉल्व्हची तुलना आवाजापासून सुरू होत नाही, ती या कोष्टकापासून सुरू होते. युरोपात याच व्हॉल्व्हला ईसीसी८२ म्हणतात, एवढे ध्यानात ठेवले की दुकानदाराशी बोलणे सोपे जाते.

शोधाशोध करता चार व्हॉल्व्ह जमले. एक बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, प्रयोगशाळेच्या जुन्या सामानात पुठ्ठ्याच्या खोक्यात गुंडाळून ठेवलेला. या सरकारी कारखान्याची स्थापना १९५४ ची, आणि रेडिओचे व्हॉल्व्ह तेथे १९६१ पासून होऊ लागले. दोन नवे, एक स्लोव्हाकियात व एक रशियात तयार झालेला. आज हे काम जगात मोजक्याच ठिकाणी उरले आहे. चौथा आखातात नोकरीस असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने मोठ्या प्रेमाने विकत घेऊन पाठविला. त्यावर युरोपातल्या एका नामांकित जुन्या कंपनीचे नाव होते, आणि त्याची किंमत उरलेल्या तिघांच्या एकत्रित किमतीहून अधिक होती. त्या कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. कारण पुढे दिसेल.

व्हॉल्व्हच्या शौकिनांत नावाचे माहात्म्य फार. अमुक कारखान्याचा आवाज मधाळ, तमुकाचा स्फटिकासारखा, अशी वर्णने वाचताना आम्हाला कुळी-घराण्यांच्या बखरी आठवल्या. ज्या समाजाच्या पिढ्यानपिढ्यांची लायकी जन्मावरून ठरविली गेली, त्यातल्या माणसाला अशा वंशावळीचा धाक वाटू नये. शिवाय वंशावळ तरी खरी कुठे असते? कारखाने एकमेकांकडून माल घेऊन त्यावर आपले नाव छापीत. मुलार्ड ही इंग्रजी कंपनी १९२७ पासून संपूर्णपणे डच फिलिप्सच्या मालकीची होती, त्यामुळे इंग्लंडातील ब्लॅकबर्नचा आणि हॉलंडमधील हेरलेनचा व्हॉल्व्ह एकाच नावाने विकला जाणे मुळीच अपूर्व नव्हते. छापील नाव बोटाने पुसले जाते, आणि जे पुसता येते ते पुन्हा छापताही येते.

फिलिप्स परिवारातल्या व्हॉल्व्हवर मात्र काचेच्या तळाशी बारीक अक्षरांत एक खूण उमटविलेली असते. तिरपा प्रकाश धरून भिंगातून पाहिले की दिसते. त्यात कारखान्याचे चिन्ह असते, ब्लॅकबर्नसाठी ‘बी’ आणि हेरलेनसाठी त्रिकोण, आणि पुढे वर्ष व महिना. वर्ष एकाच आकड्याने लिहिलेले असते. ‘२’ म्हणजे १९६२ की १९७२, हे आतल्या पत्र्यांच्या घडणीवरून आणि आवृत्तीच्या क्रमांकावरून ताडायचे. शिलालेखाचा काळ अक्षरवटिकेवरून ठरवितात तसाच हा प्रकार. दहावीच्या मुलांना हे भिंगातून दाखविले तेव्हा साधनचिकित्सा म्हणजे काय ते वर्षभराच्या तासांपेक्षा लवकर समजले. आमच्या चौथ्या व्हॉल्व्हवर जी खूण असावयास हवी होती ती कितीही शोधून सापडली नाही.

तरीही खूण नाही म्हणून व्हॉल्व्ह वाईट, असे म्हणणे अन्यायाचे झाले असते. तेव्हा तो बोलावा कसा ते ऐकण्याचे ठरले. वरवर पाहता चारही धडधाकट होते. काचेच्या माथ्यावरचा बेरियमचा रुपेरी मुलामा शाबूत होता; आत हवा शिरली असती तर तो पांढरा पडला असता.

पहिल्याच दिवशी सर्वांनी चौथ्याला पसंती दिली. संगीताच्या बाई म्हणाल्या, ‘किती भरदार आहे हो!’ तो खरोखर भरदार होता, कारण तो इतरांपेक्षा थोडा मोठ्याने वाजत होता. दोन आवाजांत जो किंचित मोठा तो कानाला अधिक चांगला वाटतो, आणि तुलनेतली सर्वांत मोठी फसगत हीच. मग मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा एकसुरी आवाज सोडून हेडफोनच्या टोकाशी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजले, आणि प्रत्येक व्हॉल्व्हसाठी आवाजाची खुंटी त्याच आकड्यावर आणून ठेवली. एवढे करताच भरदारपणा बव्हंशी ओसरला. याला आणखी एक तांत्रिक कारण आहे. पुस्तकांत या व्हॉल्व्हचे जे गुणधर्म छापतात ते साधारणतः १०० ते २५० व्होल्टवरचे. आमचे यंत्र २४ व्होल्टवर चालते. दुसऱ्याच्या यंत्रातली ख्याती इथे लागू होईलच असे नाही. (ज्यांच्या घरी पूर्ण व्हॉल्व्हचे जुने रेडिओ वा ॲम्प्लिफायर आहेत त्यांना मात्र हात जोडून सांगणे आहे, त्यांत शेकडो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ राहतात. मुलांच्या हाती ते देऊ नयेत.)

पुढचे काम दहावीतल्या एका मुलीने केले. यंत्रावर फडका, चिठ्ठ्या टाकून ठरलेला क्रम, दरवेळी यंत्र बंद करून गार होऊ द्यायचे, नवा व्हॉल्व्ह लावून वीस मिनिटे तापू द्यायचा. ऐकणारे तिघे: संगीताच्या बाई, वसतिगृहाच्या ताई आणि आम्ही. फितीवरची सर्वांत अस्पष्ट आठ नावे निवडली. ‘आवाज कसा वाटला’ हा प्रश्नच ठेवला नाही. प्रत्येकाने ऐकू आलेले नाव न बोलता कागदावर लिहायचे, एवढेच.

भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या व्हॉल्व्हवर आठांपैकी सहा नावांवर तिघांचे एकमत झाले. दोन्ही नव्यांवरही सहा. फडक्याखालचा कोणता आहे हे या तिघांपैकी एकदाही आम्हाला खात्रीने सांगता आले नाही. चौथ्यावर केवळ दोन नावे जुळली. त्याच्या उजव्या बाजूला बारीक घुमणारा स्वर होता, आणि पेन्सिलीने काचेला हलकेच टिचकी मारली की कानात घंटेसारखे वाजे. आतली जाळी सैल झाली की असे होते. टेबलाला धक्का लागला तरी नावावर घंटा. मुलगी म्हणाली, ‘सर, हा ऐकवतो कमी आणि स्वतःच जास्त बोलतो.’

एकमत म्हणजे सत्य नव्हे, हेही नोंदविले पाहिजे. तिघांचाही कान एकाच अपेक्षेने फसू शकतो. म्हणून उतरविलेले प्रत्येक नाव ज्यांच्या मुलांचा वा लेकींचा पत्ता लागला त्यांना विचारून ताडून पाहिले. एका बाईंचे नाव तिघांनीही ‘जमुना’ लिहिले होते. त्यांच्या लेकीने सांगितले की घरी, शेतावर, सर्वत्र ‘यमुना’च. ते दुरुस्त केले. तिथे व्हॉल्व्हचा दोष नाही. एकोणनव्वदच्या ध्वनिक्षेपकापाशीच ते अक्षर हरवले आहे, आणि जगातला कोणताही व्हॉल्व्ह ते परत आणणार नाही.

यंत्रात अखेर नव्यांपैकी एक बसविला. भारत इलेक्ट्रॉनिक्सचाच ठेवावा असा सर्वांचा आग्रह होता, आणि भावना आम्हालाही कळते. परंतु वसतिगृहाच्या वस्तूला सुटा भाग असा असावा की जो गेल्यावर पुन्हा मागविता येईल. बंगळूरचा तो एकच आहे. तो खोक्यात जपून ठेवला आहे. चौथाही परत केला नाही, तो भिंगासह विज्ञानाच्या कपाटात आहे, आणि पाठविणाऱ्याला त्याचा उपयोग सविस्तर कळविला आहे. साध्या आयसीचा ॲम्प्लिफायर याहून शांत आणि स्वस्त मिळाला असता, असे एका पालकांनी सुचविले. ते बरोबर आहे. पण हे यंत्र आपल्या मुलाच्या हातचे आहे आणि पुरेसे शांत आहे. तेव्हा बदलण्याचे कारण दिसले नाही. फितीची संगणकावरची प्रत थेट कॅसेट-यंत्रावरून घेतली आहे, तिच्यात यातल्या कोणत्याही व्हॉल्व्हची भर नाही.

एकतीसपैकी सत्तावीस नावे निश्चित झाली आहेत. ७, १३, १९ आणि २६ या क्रमांकांपुढची जागा कोरी आहे. १९८९ च्या त्या मेळाव्याला ज्यांच्या आई आल्या होत्या, त्यांनी सुटीच्या दिवशी कार्यालयात यावे. हेडफोन दोन आहेत, तेव्हा भाऊ-बहिणींना सोबत बसून ऐकता येईल. यंत्र तापायला वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ हाताशी ठेवून यावे.