कॅम्पातलं दाल पकवान, घरच्या गॅसवर

रविवारची सकाळ, पोटात कावळे आणि त्याच त्या इडली-पोह्यांचा कंटाळा? मग हार्बर लाइन पकडा आणि चेंबूरला उतरा. रिक्षावाल्याला 'कॅम्प' एवढंच सांगा. १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना इथल्या लष्करी बराकींमध्ये आसरा मिळाला, म्हणून हा कॅम्प. कल्याणजवळची अशीच एक छावणी १९४९मध्ये उल्हासनगर झाली.

आज इथे इमारती उभ्या आहेत, पण नाश्ता अजून सिंधीच. 'विग रिफ्रेशमेंट'मध्ये लोक येतात ते दाल पकवान खायला. कडकडीत पकवान, शेजारी दाटसर चणाडाळ, वर चिंचेची आणि हिरवी चटणी, भुरभुरलेला कच्चा कांदा. तुकडा मोडायचा, डाळीत बुडवायचा, बस्स!

ही चव घरी आणायचीय? वाटीभर चणाडाळ दोनेक तास भिजवा. हळद-मीठ घालून शिजवा, पण गाळ करू नका. दाणा दिसला पाहिजे आणि बोटाने दाबला की मोडलाही पाहिजे. खरी गंमत पुढे. लाल तिखट, आमचूर आणि गरम मसाला शिजलेल्या डाळीवर नुसता पसरायचा आणि त्यावर जिरं, हिरवी मिरची, कढीपत्त्याची तुपातली फोडणी ओतायची. चर्र आवाज झाला की समजा जमलं.

पकवानासाठी मैद्यात जिरं, मिरपूड, मीठ आणि तेलाचं मोहन घालून पीठ घट्ट भिजवा. पातळ लाटा, काट्याने भरपूर टोचे मारा आणि मंद आचेवर निवांत तळा. पुरीसारखं फुगलं तर मऊ पडणार. घाई इथे चालत नाही.

आता वादाचा मुद्दा. 'अस्सल' कुठलं? कुणी म्हणतं डाळीत मूगही हवा, कुणाला टोमॅटो म्हणजे पाप वाटतं. चटण्यांचा थाट हॉटेलचा, घरची डाळ साधीच, असंही ऐकायला मिळतं. डाएटवाली मंडळी तर पकवान बेक करतात! मिसळीवरून पुणे-कोल्हापूर भांडतात, तसंच हे.

फक्त एक फरक आहे. कोल्हापूरची मिसळ कोल्हापुरात जाऊन खाता येते. इथल्या आजी-आजोबांचं गाव सरहद्दीपलीकडे राहिलं. तिथे जाऊन चव ताडून बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं. बरोबर आली ती हाताची सवय आणि जिभेची आठवण. मग घराघरांत थोडाथोडा फरक पडणारच. त्यातलं एकच खरं आणि बाकीची खोटी, असं कोण ठरवणार?

तेव्हा कॅम्पातल्या प्लेटची हुबेहूब नक्कल जमली नाही तरी बिघडत नाही. एखादी सिंधी मैत्रीण ऑफिसात असेल तर तिच्या आईला विचारा, "तुमच्याकडे कसं करतात?" उत्तराबरोबर बहुधा डबाही येईल. पकवान मात्र वेगळं बांधून मागा. डाळीत भिजलेलं पकवान अस्सल नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे!