ठेवण आणि वळण

एकाच आईच्या पोटी जन्मलेले, एकाच ताटात जेवलेले दोन भाऊ. त्यांतील एक व्यसनाच्या वाटेला जातो आणि दुसरा जात नाही. असे का व्हावे, हा प्रश्न पूर्वी नशिबावर किंवा संगतीवर सोपवला जाई. आता मेंदूविज्ञानही त्याचे उत्तर शोधू लागले आहे.

अमेरिकेत ९ ते ११ वर्षे वयाच्या सुमारे १०,००० मुलांचे एमआरआय काढून पुढे तीन वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की, वयाच्या पंधरा वर्षांच्या आत ज्यांनी दारू, तंबाखू किंवा गांजाला हात लावला, त्यांच्या मेंदूची ठेवण सरासरीने थोडी वेगळी होती. कपाळामागील भागाचे आवरण किंचित पातळ होते. यांतील बरेचसे फरक पहिल्या घोटाच्याही आधीपासून होते. मोह आवरणे आणि परिणाम जोखणे हे याच भागाचे काम; तो साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो.

मग ठेवण हेच प्रारब्ध समजावे काय? तसे नाही. सरासरीवरून एखाद्या मुलाचे भविष्य वर्तवता येत नाही. शिवाय २०१२ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी भावंडांच्या ५० जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीतील एक उत्तेजक द्रव्यांच्या आहारी गेलेला, दुसरा निर्व्यसनी. आत्मसंयमाशी निगडित असलेले दोष दोघांच्याही मेंदूत आढळले. तरीही दुसरा सावरलेलाच राहिला होता.

हे ध्यानात घेऊन बदलापूर गावातील एखादे व्यापारी घर डोळ्यांसमोर आणावे. थोरला गल्ल्यावर बसतो, धाकटा सकाळच्या लोकलने मुंबईला महाविद्यालयात जातो. त्याच्या तोंडाला येणारा वास प्रथम आईला जाणवतो. वडील बजावतात, "बाहेर कळता कामा नये, थोरल्याची सोयरीक ठरायची आहे." धाकट्याची उसनवारी गुपचूप फेडली जाते आणि त्याला रोज ऐकवले जाते, "भावाकडे बघ." या झाकपाकीत महिने जातात आणि अधूनमधूनचा घोट रोजची गरज होऊन बसतो.

सप्तव्यसनत्यागाचा संस्कार हे जैन घरांचे मोठे बळ आहे. पहिला स्पर्श जितका लांबेल, तितका कोवळ्या मेंदूला पक्व होण्यास अवधी मिळतो. परंतु "आपल्याकडे असे घडतच नाही" हा अभिमान त्याच संस्काराचा आधार घेऊन मुलाला एकटे पाडतो.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण उभारले. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणूस वाईट नव्हे, ही तेथील उपचारांची भूमिका. त्यात कुटुंबालाही सामील करून घेतले जाते. शासनाच्या १४४४६ या विनामूल्य क्रमांकावरही सल्ला मिळतो.

व्यापाऱ्याला तूट दिसली, तर तो वही मिटून ठेवत नाही, उघडून पाहतो. मुलाच्या बाबतीत मात्र तीच वही सोयरीक होईपर्यंत मिटून ठेवली जाते. मेंदूची ठेवण आईबापांच्या हाती नसते. वेळीच विचारणे आणि मदत मागणे हे मात्र पूर्णपणे त्यांच्याच हाती असते.