किड्याचा पत्ता

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून बुटांचे एक खोके निघाले. उघडले तो आत टाचण्यांना टोचलेले चाळीस काळे भुंगेरे! "हे असले घरात?" म्हणून सौभाग्यवती दोन पावले मागे सरकल्या. झाकणावर माझ्या थोरल्या भावाचे नाव होते. दादा जाऊन तीन वर्षे झाली. त्याचा हा शाळकरी छंद मी विसरूनच गेलो होतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी फराळाला आली होती. ती मराठी सोडून कीटकशास्त्राकडे वळली, हा माझ्या शिकवण्याचाच गुण असावा! चकली बाजूला ठेवून तिने खोके पुढ्यात ओढले. "सर, हे टेनेब्रिओनिडी कुळातले. आपल्या रव्यात होतो ना, तो तांबडा भुंगेरा याच घराण्यातला."

या घराण्यात वीस हजारांहून अधिक जाती आहेत. रव्यातल्या त्या महाशयांचा सगळा जनुकसंच २००८ साली वाचून झाला. रानातल्या भावकीचा मात्र पुष्कळदा साधा पत्ताही कोणाला ठाऊक नसतो. कित्येकांच्या पाठीवरची कवचे एकमेकांना सांधलेली, त्यामुळे बापड्यांना उडता येत नाही. एखादी जात नव्या मुलखात सापडली, की तिची छापील नोंद होते, नकाशावर एक ठिपका वाढतो. ठिपका नाही म्हणजे किडा नाही, असे मात्र नव्हे. तिथे वाकून कोणी पाहिलेले नसते, इतकेच.

"हे कुठले, सर?"

मला काय ठाऊक! आणि ठिकाण नि तारीख नसेल, तर नोंदीच्या दृष्टीने किडा फुकट. तिने एकेक टाचणी निरखली. खोके मिटता मिटता थांबली. एका किड्याखाली नखाएवढी चिठ्ठी होती. दादाचे किरटे अक्षर : 'सासवड. विहिरीजवळ, दगडाखाली. १४ मे १९९४.'

"गोनोसेफॅलम दिसतोय," ती म्हणाली. पाठीवरची माती अजून तशीच होती. नेमकी जात सूक्ष्मदर्शकाखाली, जुन्या नमुन्यांशी ताडून ठरवायची. वर्षही लागेल म्हणे. पुणे जिल्ह्यातून तिची नोंद आधी झालेली नसेल, तर छापताना संग्राहक म्हणून दादाचे नाव येईल. झालेली असेल, तर नाही.

कापसात जपून ठेवून ती किडा घेऊन गेली. उरलेले एकोणचाळीस मी पुन्हा माळ्यावर ठेवले. सौभाग्यवतींनी हरकत घेतली नाही.

त्या मे महिन्यात मी तेरा वर्षांचा होतो. तो दगड मी उचलला होता. विंचू असेल म्हणून दादा माझ्यावर ओरडला होता, आणि मग स्वतःच गुडघे टेकून खाली वाकला होता.