जमाखर्चात न दिसणारी झीज

व्यापारी घरातील मोटार दोन ठिकाणी जुनी होत असते: एक वहीत आणि दुसरी बोनेटखाली. वहीतील हिशेब सरळ असतो. आयकराच्या नियमाने शिल्लक किमतीवर दरसाल १५ टक्के घसारा धरला, की दहा वर्षांनी मूळ किमतीचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. बोनेटखालची झीज मात्र कोणत्याही खात्यात नोंदली जात नाही.

वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी किंवा मारुती ८०० अनेक घरांनी आजही जिव्हाळ्याने जपली आहे. ती क्वचितच बाहेर निघते. ‘गाडी चालतच नाही, मग झिजणार काय?’ असे घरधनी समाधानाने म्हणतो. हा तर्क टायरच्या नक्षीपुरता ठीक आहे. रबरी होज पाइपना तो लागू पडत नाही. गाडी उभी असली तरी रबर वयाने विरत जाते. आणि दिवाळीच्या सुटीत सून-नातवंडांना घेऊन तीच गाडी आंबा घाटाच्या वळणांवर येते.

इंजिनातील तापलेले पाणी वरच्या नळीतून रेडिएटरकडे जाते व निवून खालच्या नळीतून परत येते. रेडिएटरचे झाकण हे पाणी दाबाखाली ठेवते; म्हणून ते १०० अंशांना उकळत नाही. नळी फुटताच हा दाब जातो आणि पाणी उसळून बाहेर पडते. पाणी संपल्यावर तापमानाचा काटा कधीकधी उलट खाली येतो. त्या भरवशावर गाडी दामटली, तर सिलिंडर हेड वाकते. अल्प किमतीच्या नळीपायी सारे इंजिन खोलावे लागते.

नळी बहुधा आतून कुजते. वरून ती काळीभोर दिसते. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना ती मध्यभागी आणि क्लिपांलगत बोटांनी दाबून पाहावी. टोके मधल्या भागापेक्षा मऊ, पिचपिचीत लागली, भेगा दिसल्या किंवा तेलाने फुगवटा आला, तर ती बदलावी. एक गेली की तिच्या वयाच्या इतर नळ्या व क्लिपाही सोबतच बदलणे हिशेबाचे ठरते. घट्ट बसलेली नळी पिळून ओढल्यास रेडिएटरची तोटी तुटते. ती उभी चिरून काढावी आणि नवी बसवण्याआधी तोटीवरचा क्षार घासून टाकावा.

पेट्रोलच्या नळीबाबत तर चालढकल नकोच. आज पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी घडवलेले नव्हते. तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पेट्रोलचे थेंब पडले, तर आग लागू शकते. पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू न करता मिस्त्रीला बोलवावे आणि इथेनॉलला टिकणारीच नळी मागावी.

विम्याच्या तारखेशेजारी नळ्या बदलल्याची तारीखही वहीत लिहून ठेवावी. काम होताना आणखी एका गोष्टीकडे घरच्यांनी स्वतः लक्ष द्यावे. काढलेले कूलंट चवीला गोडसर, पण विषारी असते. गटारात वा अंगणात ओतल्यास कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात. ते झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमध्येच सुपूर्द करावे.