दात्यांचा रोख

पानाचं चित्र काढताना माझा सगळ्यात जास्त वेळ कडेवर जातो. ज्या कडेला आपण सरसकट ‘दातेरी’ म्हणतो, तिच्यात वनस्पतिशास्त्र करवती आणि दंतुर असा भेद करतं. हा भेद दाते लहान की मोठे याचा नाही, त्यांच्या रोखाचा आहे. करवती पानाचा दाता पानाच्या टोकाकडे झुकलेला असतो, दंतुर पानाचा सरळ बाहेर निघतो. गुलाब, कडुनिंब करवती; रात्री फुलणाऱ्या पांढऱ्या कुमुदिनीचं तरंगतं पान दंतुर.

पेन हातात घेतलं की हा रोख दात्याच्या दोन बाजूंत शोधावा लागतो. करवती दात्याची देठाकडची बाजू लांब, टोकाकडची आखूड. दंतुर दात्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. म्हणून मी आधी मधली शीर काढते, मग उपशिरा, आणि कड सगळ्यात शेवटी, देठाकडून टोकाकडे. कितीतरी पानांत शिरेचा एखादा फाटा थेट दात्यात जाऊन संपतो. तो सापडला की दाता कुठे येणार ते आपोआप ठरतं. शिरा न बघता नुसती नागमोडी रेघ ओढलेली चित्रं मला सहन होत नाहीत. जास्वंदीच्या पानाला तर देठाजवळ दाते नसतातच, तरी चित्रांत ते सर्रास सगळीकडे दिसतात!

दाते शोभेसाठी नसतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या पानावर सकाळी दात्यादात्यावर पाण्याचा थेंब असतो. ते दव नव्हे. रात्रभर मुळांनी वर ढकललेलं पाणी तिथल्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येतं. आणि सह्याद्रीत आंबा, फणस, जांभूळ अशी अखंड कडेची झाडंच का जास्त, यालाही उत्तर आहे. थंड प्रदेशातल्या वृक्षांत दातेरी पानांचं प्रमाण वाढतं, हे बेली आणि सिनट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1915 मध्ये मांडलं. तेव्हापासून जीवाश्म पानांच्या कडांवरून जुन्या हवामानाचा अंदाज बांधतात.

वाळवलेल्या नमुन्यात मात्र दाते दुमडतात, आणि करवती कड दंतुर वाटू लागते. अशा वेळी मी पानाचा तुकडा कोमट पाण्यात भिजवते, तो उलगडेपर्यंत थांबते, आणि भिंगाखाली सलग पाच-सहा दाते बघते. एकट्या दात्यावर मी विश्वास ठेवत नाही, तो किड्याने कुरतडलेलाही असू शकतो.