पट्टीवरची तार

एप्रिल लागला की आई अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायची. विहिरीवरून आणलेली एक कळशी तुळशीला, एक त्या खड्ड्याला. मागीलदारी न्हाणीघराच्या कोपऱ्यात एका लोखंडी पाइपाचं तोंड जमिनीतून वीतभर वर आलेलं होतं. खाली मीठ आणि कोळशाचे थर, त्यात पुरलेली धातूची पट्टी आणि तिच्यापासून घरात गेलेली एक उघडी जाड तार. जमीन वाळली की अर्थिंग कमजोर होतं, असं आप्पांनी एकदा सांगितलं होतं. आईने ते जन्माचं लक्षात ठेवलं. लहानपणी मला वाटायचं, त्या पाइपालाही मुळं असणार.

आमचं घर चिपळूणहून गुहागरच्या वाटेवर, जांभ्याच्या चिऱ्याचं. पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि त्यामागे बाळंतिणीची म्हणून ओळखली जाणारी काळोखी खोली. भिंती अशा जाड की ओटीवरून हाक मारली तर मागच्या खोलीत नुसता घुमारा ऐकू यायचा. कोयनेचं वीजघर आमच्याच तालुक्यात, पोफळीला, सह्याद्रीच्या पोटात. ते 1960च्या दशकाच्या सुरुवातीला चालू झालं. आमच्याकडे लाइट आली ती 1974 साली. तोवर डोंगराच्या पोटातून निघालेली वीज आमच्या डोक्यावरून मुंबईकडे जायची आणि आम्ही खाली कंदिलाची काच राखेने पुसायचो.

फिटिंग करायला शेजारच्या वाडीतले वायरमनकाका आले होते. मी सात वर्षांची होते, शाळा बुडवून त्यांच्या मागे मागे. पहिले दोन दिवस त्यांनी तारेला हात लावला नाही. ओळंबा लावून, निळीत बुचकळलेली दोरी भिंतीवर ताणून ती टिचकीने सोडायची की चुन्याच्या भिंतीवर सरळ निळी रेघ उमटायची. त्या रेघेवर पहारीने भोकं पाडून लाकडी गिट्ट्या ठोकल्या. मग सागवानी पट्ट्या, त्यांवर बारीक खिळ्यांनी पत्र्याच्या क्लिपा, आणि शेवटी क्लिपांच्या चिमटीत तार. एकेक क्लिप ते अंगठ्याने दाबून दुमडत, लाडू वळल्यासारखी. कोपऱ्यावर तार कधी मोडू दिली नाही, गोलाईने वळवली. पट्टी चालली ती पडवीतल्या मेन स्विचपासून तुळईच्या कडेने माजघरात, तिथून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या खोलीत. एवढ्या लांबीत जोड फक्त ठोकळ्यांत, उघड्यावर एकही नाही. “जोड म्हणजे दुखणं,” असं ते म्हणायचे.

बटणं काळी, बेकेलाइटची, खाली ओढली की ‘टक्’. फ्यूज चिनी मातीचे. फ्यूज उडाला की आप्पा मेणबत्तीच्या उजेडात तो काढून त्यात तारेचा नवा केस ओवत आणि आम्ही श्वास रोखून बघत असू. स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत तीन पिनांचा एकेक पॉइंट काकांनी आप्पांच्या आग्रहावरून दिला होता. तेव्हा तीन पिनांची एकही वस्तू घरात नव्हती. इस्त्रीसुद्धा कोळशाची होती.

आप्पांचा हा आग्रह त्यांच्या नोकरीतून आलेला. ते वीज मंडळाच्या सबस्टेशनात ऑपरेटर होते. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ 1960चं, आप्पा त्यात 1968 साली लागले. कधी रात्रपाळीला डबा पोचवायला मी भावाबरोबर जायची, तेव्हा कंट्रोल रूममध्ये एक फोन दिसे. टपालखात्याच्या टेलिफोनशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याची वायर बाहेर यार्डात जायची आणि थेट उच्च दाबाच्या वाहिनीला भिडायची. म्हणजे ज्या तारेतून गावंच्या गावं उजळणारी वीज वाहते, त्याच तारेतून हे लोक एकमेकांशी बोलायचे. त्याला पीएलसीसी म्हणत, पॉवर लाइन कॅरियर कम्युनिकेशन.

मी विचारलं होतं, वीज आणि आवाज एकमेकांत मिसळत कसे नाहीत? आप्पांनी मला यार्डाच्या कुंपणाशी नेऊन वर टांगलेलं एक भलंमोठं वेटोळं दाखवलं. त्याचं नाव वेव्ह ट्रॅप. वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते, सावकाश, म्हातारा बैल चालावा तशी. आवाजासाठी त्याच तारेवर जी लहर चढवतात ती सेकंदाला लाखो वेळा थरथरते. वेटोळ्यातून सावकाश हेलकावणारी वीज सुखाने जाते, थरथरती लहर अडते. शेजारी चिनी मातीच्या उंच खांबात कपॅसिटर असतो, त्याचं काम बरोबर उलटं. तो विजेला अडवतो आणि लहरीला फोनकडे जाऊ देतो. “एकाच नदीत पाणी पण चालतं नि होडी पण चालते, बाय. होडी काठाला लागली की उतरवून घ्यायची, पाणी पुढे जाऊ द्यायचं.” यापेक्षा सोपं मला पुढे कुणी शिकवलं नाही, आणि मी आयुष्यभर शाळेत विज्ञानच शिकवलं.

त्या फोनवर गप्पा नसत. दर तासाला रीडिंग: लोड किती, व्होल्टेज किती, कुठली लाइन शटडाऊनवर. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, मागे सतत एक बारीक सळसळ. पावसाळ्यात ती सळसळ वाढायची. पण घाटापलीकडचे ऑपरेटर आप्पांना नुसत्या आवाजावरून ओळखत. कुणाला सर्दी झाली, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे आकड्यांच्या उच्चारावरून कळायचं. कराडकडच्या एका ऑपरेटरशी आप्पा एकोणीस वर्षं बोलत होते. प्रत्यक्ष भेट झाली ती त्या ऑपरेटरच्या मुलीच्या लग्नात, आणि दोघांनी एकमेकांना ओळखलं ते बोलायला तोंड उघडल्यावर.

घरात मात्र तारेतून फक्त लाइट यायची. आणि रेडिओ चालायचा. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन, अमीन सयानींचा आवाज, लघुलहरी 25 मीटर. शेजारी कुणी बटण दाबलं तरी रेडिओत ‘कट्’ व्हायचं. 1983मध्ये मिक्सर आला, घरातली पहिली तीन पिनांची वस्तू. तो लावला की रेडिओच्या जागी नुसती खरखर. आप्पा ओटीवरून ओरडत, “बातम्या चालल्यायत!” मग आई भांड्यात खोबरं-मिरच्या घालून, झाकणावर एक हात ठेवून, सातच्या बातम्या संपायची वाट बघत उभी राहायची. मिक्सरच्या मोटारीतल्या कार्बन ब्रशांच्या ठिणग्या तारेत गोंगाट सोडतात, हे मी नंतर शिकले. तार आपलं काम गुपचूप करत नाही, जे कानावर पडेल ते सगळ्या घराला सांगते, हे तेव्हाच कळलं होतं.

नव्वदच्या दशकात ती रबरी तार कडक होऊन तडकायला लागली. ती बदलणं भागच होतं. जुन्या रबराच्या बाबतीत हळवं होऊन चालत नाही, घरं जळतात. वायरमनकाकांच्या मुलाने त्याच पट्ट्यांवर पीव्हीसीची नवी तार ओढली, अर्थसकट. पट्ट्या त्याने काढल्या नाहीत. म्हणाला, “बाबांची रेघ आहे, हलवत नाय.”

मधली वर्षं पटकन सरली. सायबर कॅफे, मॉडेमचा किंचाळणारा सूर, मग मोबाइल. खरी अडचण सुरू झाली ती फायबर पडवीपर्यंत आल्यावर. भाची पुण्यात नोकरी करते. आजोबांजवळ राहता यावं म्हणून ती पावसाळ्यातला महिनाभर इथून काम करू लागली. शांतता हवी म्हणून तिने मागची खोली धरली. राउटर पडवीत, मधे जांभ्याच्या तीन भिंती, त्याही आषाढात पाणी प्यालेल्या. वायफाय माजघराच्या उंबऱ्यावरच दम टाकायचं. मधे रिपीटर लावून पाहिला. त्याला स्वतःलाच धड मिळत नव्हतं, तर तो पुढे काय देणार? नवी केबल टाकायची तर चिऱ्याला भोकं पाडायची, आणि माळ्यावरचे उंदीर काही केबल टिकू द्यायचे नाहीत.

शेवटी भाचीने दोन डब्या मागवल्या, काड्यापेटीहून थोड्या मोठ्या. एक राउटरशेजारच्या पॉइंटात खोचली आणि आखूड केबलने राउटरला जोडली. दुसरी मागच्या खोलीत, वायरमनकाकांनी दिलेल्या त्या तीन पिनांच्या पॉइंटात. दोन्हींवरची बटणं एकामागून एक दाबली. दिवे लुकलुकले, मग स्थिर झाले. मागच्या खोलीत 46 एमबीपीएस. डबीवर याच्या कितीतरी पट आकडा छापलेला आहे, पण तो प्रयोगशाळेतला. जुन्या घरात 46 मिळाले याचंच मला अप्रूप.

आप्पा आता 84 वर्षांचे आहेत. खुर्ची ओढून त्या डबीसमोर बसले आणि म्हणाले, “म्हणजे पीएलसीसीच की ही.”

तीच होती. सबस्टेशनात किलोहर्ट्झच्या लहरी, इथे मेगाहर्ट्झच्या. तिकडे एका लहरीवर एक आवाज, इथे एकाच वेळी शेकडो बारीक लहरी. अशा उपकरणांचं पहिलं प्रमाण, होमप्लग, 2001मध्ये आलं, वेग 14 एमबीपीएस. 2005च्या होमप्लग एव्हीमध्ये तो 200पर्यंत गेला. त्यात 2 ते 28 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे नऊशेहून अधिक तुकडे करतात. तारेत कुठे गोंगाट आहे हे डब्या सतत चाचपतात; खराब तुकड्यावर कमी ओझं टाकतात, स्वच्छ तुकड्यावर जास्त. आपल्या तारा मीटरपलीकडे शेजाऱ्यांच्या तारांना भेटतात, म्हणून बोलणं कुलूपबंद असतं. ते बटण दाबणं म्हणजे दोघींनी एकच किल्ली वाटून घेणं.

आणि 2012च्या एव्ही 2पासून फेज-न्यूट्रलच्या जोडीला अर्थची तारही कामाला लावता येऊ लागली. आमच्या डब्या त्यातल्याच. हे वाचलं तेव्हा मी उठून मागीलदारी गेले आणि त्या पाइपाच्या तोंडाकडे बघत राहिले. आईच्या कळशीभर पाण्याचा भाचीच्या इंटरनेटशी काही संबंध नाही, हे विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला कळतं. पण ती तार त्या खोलीपर्यंत पोचली होती, कारण 1974 साली कुणीतरी गरज नसताना ती तिथवर नेली होती.

काही गोष्टी आम्ही ठेचा खात शिकलो. डबी थेट भिंतीच्या पॉइंटातच लावायची. स्पाइक गार्डमध्ये लावली तर त्यातला फिल्टर तिच्या लहरींना गोंगाट समजून गिळतो. शेजारी स्वस्तातला मोबाइल चार्जर नको. ढग गडगडायला लागले की दोन्ही डब्या उपसायच्या, जशी पूर्वी रेडिओची एरियल काढायचो.

रेडिओ अजून आहे, ओटीवरच. आकाशवाणी रत्नागिरी मध्यम लहरींवर लागते, तिला डब्यांचा उपद्रव नाही. पण आप्पांनी परवा सवयीने काटा लघुलहरींकडे, 25 मीटरवर नेला. सिलोनच्या जागी करकर, रातकिड्यांसारखी. हौशी रेडिओवाले या उपकरणांवर नाराज असतात ते यासाठीच. त्यांचे पट्टे डब्यांनी वगळायचे असतात, बाकीचे मात्र भरून जातात. मला वाईट वाटलं, मी डब्या काढायला निघाले. आप्पांनी हाताने थांबवलं. कान लावून बसले होते. करकर मधेच दाट व्हायची, मधेच विरळ.

“आत बोलतायत,” म्हणाले. “बायचं काम चाललंय.”

सबस्टेशनातला तो फोन केव्हाच गेला. आता मोठ्या वाहिन्यांवर टॉवरच्या माथ्याला जी अर्थची तार असते, तिच्या पोटातूनच फायबर नेतात. आवाज स्वच्छ, सळसळ नाही. कराडकडचे ते ऑपरेटरही आता नाहीत. त्यांच्या मुलीचा दिवाळीला फोन येतो, आणि आप्पा पहिलं वाक्य ऐकून म्हणतात, “हुबेहूब बापाचा आवाज.”

काल दुपारी आमटीसाठी वाटण करायचं होतं. मिक्सर लागला की मागच्या खोलीतले 46 घसरून 11वर येतात आणि भाचीच्या पडद्यावरची माणसं तोंड उघडं ठेवून थिजतात. आईला मेगाहर्ट्झ कळत नाहीत, पण हे कळलेलं आहे. भांड्यात खोबरं-मिरच्या घालून, झाकणावर एक हात आणि बटणावर दुसरा ठेवून ती उभी होती. ओटीवर दुपारच्या बातम्या, मागच्या खोलीत भाचीची मीटिंग.

“लावू का गं?” तिने विचारलं.

“पाच मिनिटं, आजी!” मागच्या खोलीतून.

“बातम्या चालल्यायत!” ओटीवरून.

आईने झाकणावरचा हात काही काढला नाही. तशीच उभी राहिली.