कोपीवरचा गडी

रविवार, रात्री

आज पुन्हा हरलो. चार-शून्य. धाराशिव म्हणजे खो-खोचा जिल्हा. 2016 साली दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार सारिका काळे इथलीच. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कारही मिळाला. इथं फुटबॉलचं कौतुक कुणाला? 15 सप्टेंबर 2017 ला, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाआधी, सरकारनं राज्यभर एका दिवसात पोरांना फुटबॉल खेळवला. तेव्हाचा आमचा चेंडू शिवून शिवून पार लंबुळका झालाय.

तीन गोल बसल्यावर एक पोरगं रेषेपाशी येऊन उभं राहिलं. अनवाणी. पोटऱ्यांवर पाचटाचे ओरखडे.

"सर, मी येऊ का?"

गावचा नाही, शाळेचाही नाही. मैत्रीचा सामना, म्हणून घेतलं. पठ्ठ्या उजवीकडे झुकायचा आणि डावीकडून निसटायचा. अगदी खो-खोतल्या खांबाजवळची हुलकावणी! समोरचे दोघं एकमेकांवर आदळले, तेव्हा आमची पोरं हरत असूनही ओरडली. गोल मात्र झाला नाही. चेंडू लंबुळका, दुसरं काय.

झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलकडे वळवणाऱ्या विजय बारसेंना नागपूरच्या पावसात फुटकी बादली तुडवणारी पोरं दिसली होती, ते आठवलं. पण मी काही बारसे नव्हे. नाव विचारेपर्यंत हा पळालासुद्धा.

"फडावर गाडी भरायचीय, सर!"

ऊसतोडीची टोळी. कारखान्याचं गाळप संपून पट्टा पडेपर्यंत त्यांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, इथंच आहेत म्हणे. उद्या जाऊन येतो. पायाचं माप घ्यायला दोरा खिशात टाकलाय.